कातळावरच्या बायका

पौष सरत आला की आमच्या चिंचणीला सकाळचा मतलई वारा सुटतो. जमिनीकडून दर्याकडे जाणारा, कोरडा, अंगावरची चादर ओढून नेणारा. त्या वाऱ्याला चिकूचा गोडसर वास असतो, कुणाच्या तरी अंगणात उकडत ठेवलेल्या वालाच्या शेंगांचा वास असतो, आणि वारा जरा वाकडा झाला तर बोईसरच्या कारखान्यांचा आंबूस वासही असतो. अमावास्येच्या आगेमागे दर्या इतका मागे सरतो की नवख्या माणसाला वाटावं, हा आता परत यायचा नाही. मग खालचे कातळ उघडे पडतात. काळे, कालवांनी खरबरीत झालेले. ते दिसले की माझा हात आपसूक कपाळावर जातो आणि मी कातळावरची माणसं मोजायला लागतो. माणसं असोत नसोत. घरातले हसतात. हसू देत.

यंदा शेजारच्या वाडीवर रंगीत पाटी लागली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, मला वाचता येतं, पण त्या पाटीची अक्षरं वेलीसारखी एकमेकांत गुंतवलेली. नातसुनेनं वाचून दाखवलं. फक्त महिलांसाठी निसर्गात मुक्काम, योगासनं, समुद्रस्नान, साहस. ती म्हणाली, आजोबा, काय काय नवीन निघतं बघा. मी म्हटलं, नवीन कसलं. तुझा सासरा अर्ध्या चड्डीत फिरायचा तेव्हा ह्याच दर्यावर आमी हे करून बसलोय. तिला वाटलं म्हातारा नेहमीसारखा आपली बढाई मारतोय. म्हणून हे लिहायला घेतलं. बढाई आहेच. पण खरी आहे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. बोईसरला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते. सालवडला, कुंभवलीला चाळी उठत होत्या, आणि त्यांत कुठकुठून आलेली माणसं राहत होती. आमची वाडी तेव्हा दर्याला टेकलेली होती. मधे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे थेट वाळू. नारळ, चिकू, पानवेल, गोड्या पाण्याची विहीर, आणि बावखल, म्हणजे आमचं वाडीतलं लहानसं तळं. पाऊस गेला की ते मधमाशीच्या पंखासारखं पारदर्शक व्हायचं. भात झोडून झालं की खळं मोकळं पडायचं, शेणानं सारवलेलं, उन्हात तापलेलं. अशाच एका सकाळी कुसुमबाई सायकल हातात धरून वाडीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

त्या बोईसरच्या एका शाळेत कवायत शिकवायच्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मला म्हणाल्या, चाळीतल्या बायकांना आठ दिवस कुठंतरी उघड्या हवेत न्यायचंय. नवरे तीन पाळ्यांत कामाला, त्यामुळे यांचा स्वयंपाक तीन वेळा आणि झोप एकदाही धड नाही. कुणाला खोकला, कुणाची कंबर, कुणी उगाच रडते. आसनं करतील, पोहायला शिकतील, कातळावर चढतील, डोंगर बघतील. त्यांनी गावात आधी तीन घरी विचारलं होतं. तिथं नकार मिळाला होता. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या.

मी लगेच हो म्हटलं नव्हतं. पण संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, चार जणांसमोर बोलला, की नवरे जिवंत असताना बायका घर सोडून आठ दिवस हवा खायला जातात असं आपल्या बापजाद्यांत कुणी ऐकलंय का, आणि अशांना जागा देणारा या गावात तरी कुणी निघणार नाही. तो बोलून पान लावायला लागला. मी म्हटलं, माझ्या वाडीत येतील. दादानं पान तसंच हातात धरलं. म्हणाला, अन् काय झालं एखादीला, तर? मी म्हटलं, तर मी जबाबदार. पुरुष माणूस त्यांच्या बाजूला फिरकणार नाय, मी सुद्धा नाय. सगळ्या जशा आल्या तशा परत जातील. तो म्हणाला, आणि तशा नाय गेल्या तर हे प्रकार गावात पुन्हा व्हायचे नायत, तुझ्या वाडीत बी नायत. मी म्हटलं कबूल. असं ते ठरलं. माझ्या शब्दावर ठरलं.

आता विचार करतो तर वाटतं, दादानं तोंड उघडलं नसतं तर मी कदाचित नाहीच म्हटलं असतं.

त्या एसटीतून उतरल्या तेव्हा वळकट्या, तवे, देवाच्या तसबिरी, असं सगळं सामान. जणू कायमच्या राहायला आल्यात. पहिल्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलेना. दुसऱ्या दिवशी चहा बंद झाला तेव्हा पहिल्यांदा आवाज निघाला. कुसुमबाई म्हणाल्या, सकाळी फक्त नारळपाणी. एक बाई म्हणाली, नारळपाण्यानं माझं डोकं दुखायचं थांबणार नाही, ते चहानंच थांबतं, मी माझ्या डोक्याला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. मग चहा चालू झाला.

खळ्यावर चटया टाकून त्या आसनं करायच्या. शेवटी सगळ्या उताण्या पडायच्या, डोळे मिटून, हात सैल सोडून, हालचाल नाही. माझी बायको यमुना पाणी घेऊन गेली आणि तशीच हंड्यासकट मागे आली. मला म्हणाली, अहो, माणसं अशी एकदाच निजतात, ह्या रोज सकाळी निजतायत. दादानं फाटकाबाहेरून जाता जाता टोमणा मारला, की तुझ्या वाडीत बायका दिवसाढवळ्या झोपायला येतात, एखादी आमच्याकडेही पाठव, आमच्या घरात कामाला कुणी जागं सापडत नाही. मी त्याला ऐकू जाईल असं हसलो. पण रोज संध्याकाळी कंदील लावायच्या आधी मी अंगणात वाळत घातलेले ओले पदर मोजायचो. जेवढ्या बाया तेवढे असले की भाकरी गोड लागायची.

तिसऱ्या दिवसापासून यमुना बदलली. हे कसं सांगावं. ती माझ्या घरात चौदाव्या वर्षी आली. दर्यावर जायची, कालवं फोडायला, शिंपल्या वेचायला, इथल्या सगळ्याच बायका जातात. बावखलात पोहायला लहानपणी तिच्या आईनं शिकवलं होतं, पाठीला सुका भोपळा बांधून. पण ह्या गोष्टी येतात असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, जसं श्वास घेता येतो हे कुणी सांगत नाही. कुसुमबाईंना पोहणं पुस्तकातलं यायचं. यमुनेनं माळ्यावरचे भोपळे काढले, दोऱ्या वळल्या आणि लुगड्याचा काष्टा घट्ट मारून बावखलात उतरली. मी केळीच्या पलीकडून नुसता आवाज ऐकायचो. किंचाळ्या, मग हसणं, मग यमुनेचा आवाज. तो आवाज मला ओळखीचा नव्हता. घरात ती हळू बोलायची. तिथं ती हुकूम देत होती. पाय मार. मान वर. भोपळा बुडत नाय गं, तूच बुडतीस.

त्यांच्यात दुलारी नावाची एक बाई होती, उत्तरेकडची, नवरा रंगाच्या कारखान्यात, पिण्याचं पाणी रोज रेल्वेच्या रुळांपलीकडून डोक्यावर आणणारी. तिनं दर्या कधी बघितला नव्हता. पहिल्या दिवशी वाळूत उभी राहून तिनं दर्याला हात जोडले आणि मग पाठ फिरवून बसली. पाण्यात उतरायची नाही, पण रोज सगळ्यांच्या आधी काठावर येऊन बसायची. यमुना तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिंदीत, आणि दोघींचं तासन् तास चालायचं.

कातळावर जायचं यमुनेनंच काढलं. उधाणाची सुकती आहे, दर्या लांब गेलाय, कालवं काढून दाखवते, म्हणाली. आमच्या किनाऱ्याला मोठा कातळ आणि वाळू यांच्यामध्ये एक चर आहे. सुकतीला त्यात घोट्याएवढं पाणी. पण भरती लागली की दर्या पुढून येत नाही, आधी त्या चरातून मागून येतो. कातळावरच्या माणसाला समोर दर्या शांत दिसतो आणि पाठीमागे वाट गेलेली असते. म्हणून पाणी फिरायच्या आत उतरायचं. पाणी कधी फिरणार ते तिथीवरून कळतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. त्यात सहा तास मिळवले की सुकती पुरी. इथल्या पोरीबाळींना पाढे येत नसले तरी हे येतं. यमुना तिथ्या बोटांच्या पेरांवर मोजायची, अमावास्येपासून. त्या दिवशी तिच्या पेरावर तीज आली. म्हणजे सव्वाआठपर्यंत पाणी जातच राहणार.

मी सुरूच्या अलीकडे नारळ सोलत होतो. शब्द दिलेला असल्यानं पलीकडे जायचं नव्हतं. शिट्टी वाजली की त्या परत आल्या असं समजायचं. सकाळ फार सुंदर होती, हे मला आठवतं आणि त्याचा राग येतो. वारा पाठीवर, ऊन कोवळं, कातळावर रंगीत लुगड्यांची रांग, लोखंडी कोयतीचे कालवांवर टक टक आवाज. मधेच हसणं. मी उठलो ते केवळ पाठ मोकळी करायला. चराकडे नजर गेली. नारळाची एक सोडण पाण्यात पडली होती, मीच सोललेली, वाऱ्यानं वाळूवरून नेलेली, आणि ती गावाकडे येत होती.

घड्याळ माझ्याकडे नव्हतं, पण पाणी खोटं बोलत नाही. सुकती पुरी व्हायला अजून वेळ होता असं आमचं गणित, आणि पाणी फिरलेलं होतं.

मी ओरडलो. वारा दर्याकडे होता म्हणून आवाज पोचला. कातळावर यमुनेनं मान वर केली, चराकडे बघितलं, आणि काहीच विचारलं नाही. कोयती खाली टाकली. मी धोतर खोचून सुरू ओलांडले. शब्द गेला खड्ड्यात. जवळची वाट म्हणून उजवीकडून पळालो आणि चराच्या अलीकडच्या काळ्या चिखलात गुडघाभर रुतलो. तिकडून ती ओरडली, वाऱ्याच्या विरुद्ध, तुटक तुटक ऐकू आलं.

"तिथंच थांबा. पुढं येऊ नका. तुमाला काढायला माझ्याकडं माणूस नाय."

मी थांबलो. आयुष्यात तिच्या सांगण्यावरून मी पहिल्यांदा थांबलो असेन. चिखलात पाय, आणि हात रिकामे.

पाणी मांडीला आलं होतं. यमुना चराच्या मधोमध जाऊन उभी राहिली, ओढीला आडवी, पाय रोवून. एकेकीला तिच्या खांद्याला धरून पलीकडे काढत होती. कुसुमबाई वाळूच्या बाजूला हात धरायला. यमुना प्रत्येकीला तेच सांगत होती, पाय उचलायचा नाय, तळाला घासत न्यायचा, म्हणजे ओढ पाय पळवत नाय आणि वाळूत दडलेलं पाकट, शेपटीच्या काट्यानं डसणारा तो चपटा मासा, बिचकून निघून जातं. एक पाय घसटला, मग दुसरा. मी मोजत होतो. मोजून झालं की परत पहिल्यापासून मोजत होतो. पाणी तिच्या कमरेवर आलं तेव्हा कातळावर एकच लुगडं उरलं होतं. दुलारी. दोन्ही हातांनी कातळाला मिठी मारून बसलेली. कालवांनी तळवे कापले होते तरी सोडत नव्हती.

यमुना परत कातळाकडे गेली.

त्या वेळी मी काय केलं असं दादानं मला नंतर विचारलं. मी उभा होतो. एवढंच. माणसाला उभं राहणं इतकं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला हाक मारावी तर ती मागे वळेल, न मारावी तर. दर्यानं कातळाची पुढची कड खाल्ली होती. यमुना दुलारीच्या शेजारी जाऊन बसली. ओढली नाही, ओरडली नाही, बसली. जणू दोघी ओसरीवर आहेत. वाऱ्यानं त्यांचं बोलणं माझ्याकडे येत नव्हतं. नंतर कळलं ते असं, की दुलारी म्हणाली, हमसे नहीं होगा भाभी. आणि यमुना तिला म्हणाली, "तू रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन रूळ ओलांडतेस. इथं तुझे हात मोकळे हायत. माझा खांदा धर आणि रूळ ओलांड."

दोघी उतरल्या तेव्हा पाणी छातीला होतं. दुलारी तिच्यापेक्षा बुटकी. चराच्या मध्यावर दोघींची डोकी एकदा खाली गेली आणि वर आली. पाय घासत, आडव्या, ओढीला पाठ न दाखवता त्या आल्या. वाळूवर आल्यावर दुलारी चालत चालत सुरूंपर्यंत गेली आणि मग बसली. यमुना माझ्याजवळ आली, चिखलातून मला हाताला धरून काढलं, आणि म्हणाली, तुमचं धोतर धुवायला टाका.

ओली लुगडी वाळायच्या आत गावाला कळलं होतं. दादा आला, बरोबर ओट्यावरची चार माणसं, आणि काखेत पंचांग. बायका खळ्यावर दाटीवाटीनं बसलेल्या. कुसुमबाई दुलारीच्या तळव्यांना हळद लावत होत्या. दादा बसला नाही. त्यानं पंचांग उघडलं आणि मला दाखवलं. बीज वाढली होती. काल बीज, आज परत बीज. तीज उद्या. एका तिथीचा फरक म्हणजे पाऊण तासाचा फरक, आणि पाऊण तास म्हणजे तो चर. आमच्याकडे असं वाढतिथीला होतं. एरवी देवळात गुरव सांगतो, पण शिबिराच्या गडबडीत त्या आठवड्यात घरातलं कुणी देवळात गेलंच नव्हतं. दादा म्हणाला, तीज कुणी मोजली?

यमुना चुलीपाशी होती. मला तिची पाठ दिसत होती. मी म्हटलं, मी मोजली.

हे मी आजही चूक मानत नाही. मला आमचं गाव माहीत होतं. पुरुषानं गणित चुकवलं तर चार दिवस चेष्टा होते आणि विषय संपतो. बाईनं चुकवलं की ते तिच्या पोरींच्या लग्नापर्यंत सांगतात. मला तिथी मोजता येत नाही असं कुणी म्हणावं, हे माझ्या अंगाला विंचवासारखं होतं, तरी मी ते अंगावर घेतलं. दादाच्या तोंडावर बारीकसं हसू आलं. म्हणाला, मग झालं. दर्याकाठी जन्म गेला आणि बीज-तीज कळत नाय त्याच्या भरवशावर परक्यांच्या बायका ठेवायच्या नायत. दुपारच्या एसटीनं पाठव सगळ्यांना. शब्द तुझाच होता.  खळ्यावरच्या एकदोघी उठून वळकट्या बांधायला लागल्या.

तेव्हा यमुना बाहेर आली.

आमच्याकडे धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नसे. पाणी ठेवायचं, पदर सावरायचा, आत जायचं. इतक्या वर्षांत दादानं तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला असेल. ती खळ्याच्या कडेला उभी राहिली, डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलली मात्र स्पष्ट, बावखलातल्या आवाजात.

"गणती माझी होती. यांनी मोजली नाय, मी यांना विचारलं बी नाय. माझी चूक यांच्या नावावर गेली, तर त्या बायांना पाण्यातनं काढलं ते कुणाच्या नावावर जाणार? ते बी यांच्याच?"

 फाटकाशी गाय उभी होती, ती तेवढी कान हलवत होती. मला राग आला, हे लपवत नाही. मी तिच्यासाठी मान खाली घातली आणि तिनं ती चारचौघांत वर उचलून खोटी पाडली. ती पुढं म्हणाली, उद्या पंचांग बघून परत जाऊ. आज ह्या अशाच घरी गेल्या तर भीतीच घेऊन जातील, आणि दुलारी जन्मात पाण्याकडे बघायची नाय.

दादानं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. घर माझं, वाडी माझी, शब्द माझा. मी हो म्हटलं तर मी खोटारडा ठरत होतो, नाही म्हटलं तर ती. दोन्हीपैकी एक गावात कायमचं राहणार होतं. मी आयुष्यात बोललेला शब्द मागं घेतलेला नाही. भाताच्या बांधावरून सख्ख्या चुलत्याशी सात पावसाळे बोललो नाही, असा मी माणूस. चिखल माझ्या पोटऱ्यांवर वाळून कडक झाला होता आणि कातडं ओढत होता.

मी म्हटलं, "ती सांगते तसंच हाय. मला विचारू नको दादा. उद्या किती वाजता जायचं, ते तिलाच विचार."

 दादानं पंचांगाचं पान उलटलं, परत सुलटं केलं. मग यमुनेकडे न बघता, खळ्याकडे तोंड करून, जणू हवेला विचारावं तसं विचारलं, किती वाजता. यमुना म्हणाली, सुकती सव्वाआठला पुरी. पावणेसातला उतरू, आठाच्या आत वाळूवर.

दादा गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ज्या दोघींनी वळकट्या बांधल्या होत्या, त्यांनी त्या सोडल्या नाहीत. नुसत्या त्यांच्यावर बसून राहिल्या.

आता नातसून म्हणते, आजोबा, ती पाटीवाली मंडळी लाइफ जॅकेट देतात, शिट्टीवाला माणूस ठेवतात. चांगलं आहे. द्यावीत. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण पहाटे धुक्यातून सुरूंच्या अलीकडे जाऊन उभं राहायचं, आणि पलीकडे आपली बायको बायांना घेऊन उतरतेय हे नुसतं ऐकायचं, त्याला कुठलं जॅकेट मिळत नाही. मी त्या सकाळी तसा उभा होतो. धुकं होतं, कातळ दिसत नव्हता. थोड्या वेळानं बाजूला काठीचा आवाज झाला. दादा होता.  काठी वाळूत रोवली आणि माझ्या शेजारी उभा राहिला, दर्याकडे तोंड करून.

आम्ही दोघं भाऊ चराकडे बघत होतो. पाणी जात होतं, सावकाश, आपल्या चालीनं. धुक्यातून कोयतीचे टक टक आवाज आले, मग ते थांबले. मग बायकांचं बोलणं जवळ यायला लागलं. एकेक आकार दिसायला लागला, घोट्याएवढ्या पाण्यातून पाय घासत येणारा, पुढं दुलारी, तळव्यांना फडकी बांधलेली, सगळ्यांत मागं यमुना. वाळूवर येऊन त्या पाय धुवायला लागल्या, एकमेकींवर पाणी उडवायला लागल्या. चरातलं पाणी अजून जातच होतं. मग ते जायचं थांबलं, जागच्या जागी उभं राहिलं, आणि हळूच गावाकडे वळलं.

दादानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं. मला किती वाजले ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.